डेस ट्रेलोरची तपकिरी ओळ

बुलारा गावात कोण माणूस कसा होता हे जाणून घ्यायचं असेल तर पाद्रीबुवांकडे जाऊन उपयोग नाही. ते मेलेल्याबद्दल चांगलंच बोलतात आणि जिवंत माणसाबद्दल काहीच बोलत नाहीत. त्यापेक्षा नोएलीन ट्रेलोरच्या स्वयंपाकघरात जावं. ती चहाचं आधण ठेवते, फ्रीजशेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू करते, क्रिकेट क्लबची एक्सेल शीट उघडते आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्या माणसाची ओळ शोधते. मग एवढंच म्हणते, "बघ. तूच बघ."

नोएलीन आमच्या क्लबची स्कोअरर. लग्न होऊन गावात आली त्याच उन्हाळ्यात आधीच्या स्कोअररला दिसेनासं झालं, म्हणून हिच्या हातात पेन्सिल दिली. ती पेन्सिल अजून कुणी परत मागितलेली नाही, आणि मागायची कुणाची छातीही नाही. आधी वह्या होत्या, रंगीत खडू-पेन्सिली होत्या. पुढे मुलगी रूथ अॅडलेडला शिकायला गेली आणि सुट्टीत येताना एक जुना कॉम्प्युटर घेऊन आली, तेव्हापासून शीट. वह्यांमधलं सगळं नोएलीनने एका हिवाळ्यात शीटवर चढवलं. प्रत्येक खेळाडूची एक आडवी ओळ, प्रत्येक मॅचचा एक उभा कॉलम, आणि दोघं भेटतात त्या चौकटीत त्या दिवशीच्या त्याच्या धावा.

पण धावा वाचायला बुलारात कोण बसलंय? गाव रंग वाचतं. अर्धशतक केलं की चौकट पिवळी. एकही चेंडू न खेळता धावबाद झाला की हिरवी. समोरच्या संघाने टाळ्या वाजवाव्यात असा झेल घेतला तर निळी. पंचांशी हुज्जत घातली तर चौकटीला लाल किनार. शुक्रवारची रात्र डोक्यात घेऊन जो शनिवारी मैदानावर येई त्याचे आकडे तिरपे. बुलारा सोडून शेजारच्या टॅनर्सवेलकडून खेळायला गेलेल्यांच्या नावावर आडवी रेघ. तसे थोडेच आहेत आणि त्यांच्याशी पोस्टातही कुणी धड बोलत नाही. वारलेल्यांची अक्षरं राखाडी. एकदा तिने म्हाताऱ्या वॉली ऑट्सला घाईने राखाडी करून टाकलं, तर तो अॅडलेडच्या हॉस्पिटलातून सुटून थेट तिच्या दारात उभा.

"अगं नोएलीन, मी मेलो नाही अजून!"

"पाद्री येऊन गेले म्हणे तुझ्याकडे."

"ते शेजारच्या खाटेपाशी आले होते!"

"बरं, काळा करते. पण पुन्हा असा घोळ घालू नकोस."

शीटचेही स्वतःचे काही नखरे होते. आमच्या मैदानावर शतक म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, म्हणून नोएलीनने कॉलम दोन आकड्यांपुरतेच रुंद ठेवले होते. एका पठ्ठ्याने शतक ठोकलं तर आकडा मावेना, आणि चौकटीत नुसत्या जाळ्या दिसू लागल्या. बिचारा सगळ्यांना सांगत फिरला की माझं शतक पिंजऱ्यात घातलंय. गोलंदाजीच्या पानावर तर याहून मजा. आमच्याकडे बळी आधी आणि धावा नंतर लिहितात. केल्विन पॅस्कोने अकरा धावांत आठ बळी घेतले, नोएलीनने आठ, तिरकी रेघ, अकरा असं लिहिलं, आणि शीटने ते परस्पर आठ नोव्हेंबर करून टाकलं. केल्विनला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. तो दरवर्षी आठ नोव्हेंबरला पबमध्ये सगळ्यांना स्वतःची आठवण करून देतो, आणि तेही दुसऱ्याच्या बिअरवर.

राहिला तपकिरी. तपकिरी म्हणजे सुटलेला झेल.

स्कोअरच्या वहीत सुटलेल्या झेलाला जागा नसते. झेल घेतला तर घेणाऱ्याचं नाव लागतं. सोडला तर फलंदाजाचं नशीब म्हणून सगळे पुढे चालू लागतात. नोएलीनला हे कधी पटलं नाही. तिच्या मते हा शुद्ध लबाडपणा होता. म्हणून तिने तपकिरी रंग काढला, आणि त्या रंगाने सगळ्यात जास्त कुणाला माखलं असेल तर स्वतःच्या नवऱ्याला.

डेस ट्रेलोर बरा फलंदाज होता, गोलंदाज नव्हताच, आणि क्षेत्ररक्षक कसा होता ते त्याची ओळ सांगते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जळक्या पावासारखी. बाकीच्यांच्या ओळीत इकडेतिकडे एखादा तपकिरी ठिपका. गावात काही करपलं की लोक म्हणत, "डेसची ओळ झाली." डेसही हसायचा. स्वभावच तसा, कुणी काही म्हटलं तरी टोपी मागे सारून हसायचं.

आणि एक चौकट तर सगळ्या गावाला पाठ होती. टॅनर्सवेलविरुद्धची फायनल. त्यांची शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. केल्विनच्या गोलंदाजीवर त्यांच्या शेवटच्या फलंदाजाने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू धान्य साठवायच्या सायलोच्या डोक्याइतका उंच गेला. खाली डेस. गाव उठून उभं राहिलं. चेंडू आला, डेसच्या ओंजळीत बसला, आणि निघाला. तोवर ते दोन धावा पळाले होते. त्यानंतर बुलाराला फायनल कधी दिसली नाही. रविवारी सकाळी नोएलीनने वहीत ती चौकट तपकिरी केली तेव्हा डेस समोरच टोस्ट खात होता. त्याने फक्त लोणी पुढे सरकवलं.

केल्विन मात्र बोलला. आजतागायत बोलतोय. पबमध्ये डेसने ग्लास उचलला रे उचलला की हा म्हणणार, "जपून, डेस. नीट धर." एवढ्या वर्षांत त्याने वाक्यातला शब्दही बदललेला नाही.

तर अशी ही आमची मंडळी. मग यायची ती वेळ आली. जवाची शेतं मोठी होत गेली, घरं कमी होत गेली, पोरं शहरात गेली. आमच्याकडे अकरा जण जमेनात आणि टॅनर्सवेलकडेही जमेनात. दोन्ही क्लब एक करायचं ठरलं. टॅनर्सवेलच्या सभागृहात सभा भरली. नव्या क्लबचा सेक्रेटरी म्हणून बियाणं-खत विकणारा लायल नॉस्के पुढे आला. माणूस वाईट नाही, फक्त टॅनर्सवेलचा. तो म्हणाला, एकत्र येण्यात दोघांचाही फायदाच आहे. नोएलीन उठली.

"लायल, शीटवर दोन चौकटी कधी एकत्र केल्यास का?"

"केल्यात की."

"काय होतं?"

"एक मोठी चौकट होते."

"आणि आतलं?"

लायल हातातले कागद चाळू लागला.

"डावीकडचं राहतं, उजवीकडचं पुसलं जातं," नोएलीन म्हणाली. "आधी विचारतात, माणूस ओके दाबतो, आणि मग बसतो बोंबलत. नकाशावर टॅनर्सवेल डावीकडे आहे, म्हणून विचारलं."

त्यावर एवढा गदारोळ झाला की चहाच्या पातेल्यातलं पाणी आटलं. शेवटी एक वर्ष बुलारा-टॅनर्सवेल आणि एक वर्ष टॅनर्सवेल-बुलारा असं नाव लावायचं ठरलं आणि सगळे सारखेच नाराज होऊन घरी गेले. मैदान मात्र आमचंच ठरलं. कारण डेस. खेळणं सुटल्यापासून तो आमचं मैदान राखतो. गवत कापणं, रोलर फिरवणं, सीमारेषा आखणं, नळांना गळती लागली तर तोंडाने शिव्या आणि हाताने पाना. जमीन भाड्याने दिली, मेंढ्या विकल्या, आता त्याचं शेत म्हणजे ते मैदान. टॅनर्सवेलवालेसुद्धा कबूल करतात की असं गवत त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलंय.

सभेनंतर लायल नोएलीनकडे आला. "तुमच्या फाइली लागतील. क्रिकेट संघटनेच्या वेबसाइटवर दोन्ही क्लबचे सगळे जुने स्कोअर टाकायचेत. फक्त सीएसव्हीमध्ये सेव्ह करून द्या. ते दुसरं काही घेत नाहीत."

फाइलच्या नावामागे टिंब देऊन एक शेपटी असते, हे नोएलीनला ठाऊक होतं. तिच्या फाइलीची शेपटी एकदा बदललीही होती. जुन्या शेपटीच्या शीटला उजवीकडे कुंपण असतं, ऐन हंगामात तिचे कॉलम संपले आणि ती डेसला म्हणाली, "मैदान संपलं." तेव्हा रूथने फोनवरून शेपटीला एक अक्षर जोडायला शिकवलं आणि कुंपण पार क्षितिजापर्यंत मागे गेलं. नवी शेपटी म्हणजे जास्त जागा, असा तिचा अनुभव. म्हणून तिने घरी येऊन निर्धास्तपणे सीएसव्ही केलं. कॉम्प्युटरने विचारलं, काही गोष्टी जातील, चालेल का? तिने, सभेत जे करू नका म्हणून सांगून आली होती नेमकं तेच केलं. ओके दाबलं. फाइल बंद केली, पुन्हा उघडली, आणि किंचाळली.

डेस शेडमधून फावडं घेऊन धावत आला. "कुठेय?"

"काय कुठेय?"

"साप."

"साप नाही रे! बघ हे. बघ काय झालं!"

सीएसव्ही म्हणजे सोललेली शीट. आकडे आणि अक्षरं तेवढी उरतात. पिवळं गेलं, हिरवं गेलं, लाल किनारी गेल्या, तिरपे सरळ झाले, टॅनर्सवेलला पळालेल्यांच्या नावावरची रेघ गेली. मेलेले आणि जिवंत एकाच काळ्या अक्षरांत मांडीला मांडी लावून बसले. डेसने फावडं भिंतीला टेकवलं आणि वाकून स्वतःची ओळ शोधली. पांढरी स्वच्छ. जणू बाप्तिस्मा करून आणलेली.

"छान दिसतंय गं," तो म्हणाला.

नोएलीनला त्या बोलण्याचा जो राग आला तो तिचा तिलाही कळला नाही. मूळ रंगीत फाइल जागेवर होती, तिला धक्का लागला नव्हता. पण जगासमोर जाणार ती ही पांढरी. उभं आयुष्य शनिवार-शनिवार बसून जे टिपलं ते असं धुऊन द्यायचं? तिने ठरवलं, रंग जात नसतील तर आकडे जातील. नवा कॉलम करायचा. प्रत्येकाच्या ओळीतल्या तपकिरी चौकटी मोजायच्या आणि नावापुढे लिहायच्या. कॉलमला नाव दिलं, सुटलेले झेल.

जेवताना डेसने स्क्रीनकडे पाहिलं. त्याच्या नावापुढे चांगला गलेलठ्ठ आकडा होता. केल्विनच्या नावापुढे शून्य.

"हे तिकडे नको पाठवूस, नोल," तो म्हणाला.

"का?"

"केल्विन मोबाइलवर उघडून पबमध्ये वाचून दाखवेल."

"दाखवू दे. खरं आहे."

"खरं आहे गं. म्हणून तर सांगतोय." डेस हसत नव्हता. "एवढी वर्षं हसलो ना मी? घरातली गोष्ट होती, गावातली होती. आता रूथची पोरं आजोबांचं नाव टाकून शोधतील आणि त्यांना काय सापडेल? शंभर मॅच खेळलेला माणूस सापडणार नाही. हा आकडा सापडेल."

"मी पंक्तिप्रपंच करत नाही, डेस. नवरा म्हणून तुझ्या पानात कधी वेगळं वाढलं नाही."

"नाही वाढलंस," डेस म्हणाला. "तेवढं मात्र खरं."

मग त्याने ताट उचललं, धुतलं, आणि दारात थांबून सांगितलं की तो कॉलम जाणार असेल तर शनिवारी मैदानाच्या चाव्या लायलला देऊन टाकीन, आणि पुन्हा त्या गवतावर पाय ठेवणार नाही. डेसने लग्नानंतर कधी धमकी दिली नव्हती, त्यामुळे ती कशी द्यायची हेही त्याला माहीत नव्हतं. तो अगदी हळू बोलला. म्हणूनच नोएलीन घाबरली. पण मागे हटेल ती नोएलीन कसली?

दुसऱ्या दिवसापासून डेस चहा शेडमध्ये घेऊ लागला. घरात बोलणं व्हायचं ते कुत्र्याच्या मार्फत. "त्याला सांग, मटणाची पेस्टी ओव्हनमध्ये आहे," नोएलीन म्हणायची. "तिला सांग, मला भूक नाही," डेस म्हणायचा. कुत्रा बिचारा ओव्हनकडे बघत बसायचा.

शुक्रवारी टॅनर्सवेलची स्कोअरर ऊना क्रान्झ आली. आमच्याकडची रीत अशी, की दोन्ही संघांच्या स्कोअररांनी एकाच टेबलावर शेजारी बसायचं, दर ओव्हरनंतर आकडे एकमेकींना ओरडून सांगायचे, आणि दोन्ही वह्या जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. अशा या दोघी अर्धं आयुष्य खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, पण एकीने दुसरीच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. एकमेकींच्या गावातून जाताना गाडीची काचसुद्धा खाली करायच्या नाहीत. आता मात्र दोन्ही शीट लायलला देण्याआधी जुळवणं भाग होतं. ऊना आपला लॅपटॉप घेऊन आली, आपले घरी भाजलेले स्कोनही घेऊन आली, म्हणजे नोएलीनचे खावे लागू नयेत.

नोएलीनची फाइल तिने आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि डोळ्यांवर हात धरला. "बाई गं, हे काय आहे? गोधडी?"

"तुझ्यासारखं औषधाच्या दुकानाचं बिल नाही, एवढं खरं."

ऊनाच्या शीटमध्ये खरंच रंगाचा टिपूसही नव्हता. सगळं एका आकाराचं, पांढऱ्यावर काळं. फक्त शेवटी एक लांबलचक कॉलम होता, शेरा नावाचा. त्यात तिने जे दिसलं ते शब्दांत लिहून ठेवलं होतं, आपल्यांचं आणि समोरच्यांचंही. दोन्ही गावांमधल्या मॅचा काढल्या. धावा जुळल्या, बळी जुळले. मग नोएलीन म्हणाली, आता झेल.

"केल्विन पॅस्को, मिड-ऑनला, सोपा सुटला," ऊनाने वाचलं.

नोएलीनची चौकट पांढरी. "माझ्याकडे नाही."

"वॉली ऑट्स. हातात येऊन सुटला."

"नाही."

"परत केल्विन."

"ऊना, तू मनाने लिहिलंयस का हे?"

"मी शेरा मनाने लिहीत नाही. डेस ट्रेलोर, स्लिपमध्ये, सुटला."

"आहे," नोएलीन म्हणाली.

असं चालू राहिलं. डेसचं नाव आलं की जुळायचं, दुसऱ्या कुणाचं आलं की क्वचितच. उलट डेसचे काही तपकिरी असे निघाले की ऊनाच्या शेऱ्यात त्यांचा मागमूस नव्हता. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, ट्रेलोर फार लांबून धावत आला, चेंडू पोचण्याआधी पडला. "याला झेल सोडणं म्हणतात होय?" ऊना म्हणाली. "याला धावणं म्हणतात."

मग फायनल आली. शेवटच्या चेंडूवर दोघींचं एकमत होतं, डेसने सोडला. पण ऊनाचं बोट शेऱ्यात वरच्या बाजूला थांबलं.

"हे बघ. त्याच दिवशी. चहाआधी, केल्विन पॅस्कोने आमच्या सलामीवाल्याचा झेल सोडला. लहान मुलाने घेतला असता असा. त्याने पुढे साठ काढल्या. त्या साठ नसत्या तर तुम्ही आरामात जिंकला असता."

"शक्य नाही. मी तिथेच होते. तुझ्या शेजारी."

"होतीस ना. मग आठव. चहाआधीची ओव्हर, वारा सुटला होता."

"वारा सुटला होता," नोएलीन म्हणाली. "आठवतंय मला. डेसची टोपी उडाली. ती गवती, काठ उसवलेली. तो सीमारेषेच्या पलीकडे धावला तिच्यामागे, ती कुंपणाच्या तारेत अडकली, त्याने काढली आणि डोक्यावर उलटी घातली. मला हसू आलं होतं."

"आणि केल्विन?"

"केल्विन कुठे होता?"

ऊनाचे खांदे हलायला लागले. ती इतकी हसली की चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला.

"अगं बाई! मी एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसले. मला वाटायचं हिची नजर काय, मैदानावरची मुंगीसुद्धा सुटत नाही. आणि तू तर मॅच कधी बघितलीच नाहीस!"

नोएलीनचा चेहरा आधी लाल झाला, मग तिने शीटकडे पाहिलं. तीच शीट, पण आता वेगळीच दिसत होती. ही तपकिरी ओळ सुटलेल्या झेलांची नव्हतीच. अकरा जण मैदानावर असताना ती एकाकडेच बघत बसली होती, आणि त्याने जे जे केलं ते तिला दिसलं, बाकी दहा जणांचं फक्त जेव्हा आरडाओरडा झाला तेव्हा. आणि वर हिला वाटत होतं की आपण नवऱ्यालाही सोडलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी, या वयात शोभणार नाही असं काहीतरी वाटलं. तिने तो नवा कॉलम निवडला आणि काढून टाकला.

"खोटा होता," ती ऊनाला म्हणाली. "लायलला पांढरी जाऊ दे. आणि तुझा लॅपटॉप घेऊन जाते जरा."

"ने. मी तुझे स्कोन बघते कसे आहेत," ऊना म्हणाली.

डेस मैदानावर होता. शेवटचं म्हणून गवत कापून झालं होतं आणि तो पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून यंत्राची पाती पुसत होता. चाव्यांचा जुडगा शेजारी ठेवलेला. नोएलीन बसली आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला.

"कॉलम काढला," ती म्हणाली.

"का?"

"चुकीचा होता. बाकीच्यांनीही सोडलेत झेल. पुष्कळ. माझ्याकडे नाहीत."

"का नाहीत?"

"दिसले नाहीत मला."

"नोल, तुझी स्कोअररची खोली उंचावर आहे. तिथून अख्खं मैदान दिसतं."

"हो. दिसत असेल. बघणाऱ्याला."

डेसने फडकं खाली ठेवलं. त्याला गोष्टी कळायला वेळ लागतो, पण कळतात. "मग तू काय बघत होतीस?"

"आता हेही माझ्याच तोंडून वदवून घे!" नोएलीन खेकसली. "तुला बघत होते! आणखी कोण होतं तिथे बघण्यासारखं? केल्विन? त्याने फायनलला लहान मुलानेही घेतला असता असा झेल सोडला, ऊनाकडे लिहिलेलं आहे, आणि मी तुझ्या टोपीकडे बघत होते. उद्या सांग त्याला पबमध्ये. सगळ्यांसमोर सांग."

सायलोवरून गुलाबी काकाकुवांचा थवा उठला आणि पुन्हा तिथेच बसला.

"राहू दे," डेस म्हणाला. "केल्विनला दुसरा विनोद येत नाही."

त्याने चाव्या उचलून खिशात टाकल्या. नोएलीन म्हणाली, रंगीत फाइलीतला तपकिरीही पुसून टाकते, पाच मिनिटांचं काम आहे. डेसने तिचा हात धरला. पांढरी त्यांना दे, ही आपल्याकडे राहू दे, म्हणाला. मग टोपी मागे सारून तो स्वतःची ओळ वाचू लागला. डावीकडून उजवीकडे, एकेका तपकिरी चौकटीवर बोट ठेवत, कुणाचं प्रेमपत्र हाती लागल्यासारखा. एका जागी त्याचं बोट थांबलं. मध्येच एक अख्खा हंगाम पांढरा होता.

"इथे का नाही काही?"

"ते रूथ झाली ते वर्ष. मी कुठे होते मैदानावर? पोस्टमास्तरने लिहिला त्या वर्षी स्कोअर. त्याचे आकडे उतरवून घेतले, रंग कुठून आणू?"

"त्या वर्षी मी सगळ्यात जास्त झेल सोडले, नोल."

"का रे?"

डेसने वर, स्कोअररच्या खोलीकडे हात केला. "सारखं लक्ष तिकडे जायचं," तो म्हणाला. "आणि तिथे पोस्टमास्तर बसलेला असायचा."